सेनापती धडाडकेतूचं लेखकपण

आत्याचं नाव पुस्तकावर आलं नाही. असो. हे कुणी वाचलंच नाही असं समजू आणि पहिल्यापासून सांगू.

अख्खी गल्ली जिला आत्या म्हणते, ती चाळीस वर्षांपूर्वी खेळण्यांच्या कारखान्यात टायपिस्ट होती. प्लास्टिकचा सेनापती धडाडकेतू खपेना, तेव्हा मॅनेजरनं त्याच्यावर साहसकथा लिहायचं काम तिच्या गळ्यात मारलं. गोदामात जे पडून आहे तेच गोष्टीत यायला हवं होतं. म्हणून तिसऱ्या प्रकरणात मेलेला राक्षस चौथ्यात ठणठणीत. राक्षसांची अकरा खोकी शिल्लक होती. शिवाय खेळण्यांचे गुडघे वाकत नसत, तेव्हा कुणी बसायचं नाही. जादूच्या राज्यात एकशे बारा पानं सगळे ताटकळत उभे. राज्याभिषेकसुद्धा उभ्याउभ्याच उरकला.

मुखपृष्ठावर छापलं: लेखक, सेनापती धडाडकेतू.

आता तेच भिकार पुस्तक म्हणे दुर्मीळ झालं. शहाणीसुरती माणसं ते काचेच्या कपाटात ठेवू लागली. नवी आवृत्ती निघतेय कळताच आत्या प्रकाशकाच्या कचेरीत जाऊन तरुण संपादकासमोर उभी राहिली.

"पुस्तक टाकाऊ आहे," ती म्हणाली, "पण माझं आहे. नाव घाला."

"आजी, पुरावा काय?"

"आजी तुमच्या घरी. अख्ख्या पुस्तकात कुणी बसत नाही. लिहिणाऱ्याशिवाय हे कुणाला ठाऊक असणार?"

संपादकानं पानं चाळली आणि सत्त्याऐंशीवर बोट ठेवलं. "राजकन्या दमून खाली बसली."

आत्यानं चष्मा पुसून पाहिलं. वाक्य तिचंच होतं. ते लिहिलं त्या दिवशी कारखान्याची लिफ्ट बंद होती.

"दमले होते," ती म्हणाली.

"कोण, राजकन्या?"

"ती कशाला दमेल? आतून पोकळ होती. मी दमले होते."

"हे काही पुराव्यात बसत नाही. छापलेलं नाव राहू दे. त्या लेखकाची हरकतही आलेली नाही."

"येईल कशी? आठवड्याभरात त्याचे हात निखळायचे."

"मग रीतसर अर्ज द्या."

आत्यानं तिथल्याच कागदावर लिहिलं:

'महोदय, लेखक म्हणून नोंद असलेल्या सेनापतींना सात दिवसांत कार्यालयात समक्ष पाचारण करून, आपल्या देखरेखीखाली एक पान लिहून घेण्यात यावे. ते या पुस्तकाइतके वाईट न जमल्यास माझे नाव छापण्यात यावे, ही नम्र विनंती.'