कौशल्याबाईचा पहिला घोट

चव घ्यायला बोलावलं, आणि खुर्ची दिली मागच्या रांगेत! कौशल्याबाईने ती उचलली, पुढे आणली, टेबलाला लावली आणि ऐसपैस बसली. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे सोडले तर कोणापुढे वाकली नव्हती.

मलकापूरच्या बाहेर, हायवेला लागून शिवमने बियरची छोटी भट्टी टाकली होती. पुण्यात शिकून आलेलं पोरगं, जिभेवर साखर. दोन वर्षांमागे सातपुड्याच्या पायथ्याशी बाईच्या घरी तिची ज्वारीची दारू शिकायला चांगलं तीन दिवस राहून गेलं होतं. मोड आलेली ज्वारी कशी दळायची, काढा निवल्यावरच गुळवेल नि सुंठ कशी घालायची, सगळं वहीत उतरवून नेलं. जाताना म्हणालं, "मावशी, बाटलीवर तुमचं नाव टाकतो."

त्या शब्दावर बाई दोन वर्षं जगली होती. गावात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. दारूवाली, बस्स! लेकीच्या सोयरिकीतसुद्धा तेच नाव आडवं आलं होतं. एकदा तरी आपलं खरं नाव चार लोकांनी वाचावं, एवढंच तिला हवं होतं.

आज बाटली हातात आली. तिने चष्मा चढवला. 'सातपुड्याचा पारंपरिक वारसा. जडीबुटीची एल बियर.' पुढून वाचलं, मागून वाचलं, बुडाशीही पाहिलं.

"लेका, माह्यं नाव कुठं हाय?"

शिवम ओशाळला. "मावशी, ही तर परंपरेची चीज आहे. एकाचं नाव कसं टाकायचं?" मग हळूच, "नागपूरचे हॉटेलवाले आलेत. तुम्ही फक्त चव घेऊन अस्सल आहे म्हणा."

परंपरा म्हणे! परंपरा काय कोंबडं आरवायच्या आधी उठून ज्वारी भिजवत होती? बाईचं डोकं सणकलं.

पाहुण्यांनी ग्लास उचलले, तशी ती कडाडली, "थांबा! करणारीनं आधी प्यावं लागते, मंग पाहुण्यानं. आमच्यात हेच चालते."

पाहुणे थबकले. शिवमने स्वतःसाठी ग्लास घेतला होता, तो बाईने त्याच्या हातातून काढून घेतला आणि घोट घेतला. आधी ज्वारीची गोडी, मग सुंठेचा चटका, शेवटी जिभेच्या मुळाशी गुळवेल. तिचे डोळे भरून आले. मेल्यानं हुबेहूब उतरवलं होतं!

'ही माही नाही' म्हटलं असतं तर शिवमचा बाजार तिथंच उठला असता. मोह झाला, खोटं कशाला सांगा. पण आपल्याच हाताला नाकारायचं? ते तिच्याने होईना.

"चव माहीच हाय," ती म्हणाली. "अस्सल माही."

शिवमने सुस्कारा सोडला. "तसं ही एकट्या तुमचीच, हे पुराव्याने कोणीच सांगू शकत नाही म्हणा, मावशी. घरोघरी करतच असतील."

"पुरावा पायजे?" बाईने पहिल्या रांगेकडे बोट केलं. तिथं मोतीराम बसला होता. एके काळचा दारूबंदीचा जमादार, आता परवान्याच्या कागदांसाठी शिवमचा सल्लागार. "जमादार, माही मडकी तुम्ही तीनदा फोडली. फोडायच्या आधी बोट बुडवून चाखत होते ना? घ्या, आज ग्लासानं घ्या."

मोतीराम चुळबुळला. साऱ्यांचे डोळे त्याच्यावर. त्याने घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि त्याची मान खाली गेली.

"हाव," तो पुटपुटला. "तेच हाय. असं दुसऱ्या कोणाकडं सापडलं नव्हतं."

हॉटेलवाला शिवमकडे पाहू लागला. शिवमचा चेहरा उतरला. "मावशी, लेबलं छापून झालीत. पेट्या आत्ता गाडीत चढतील. पुढच्या खेपेला बघू."

कौशल्याबाई उठली, दाराशी रचलेल्या पेट्यांपाशी गेली आणि पदर खोचून वरच बसली.

"मडकी फुटली तवा तीनही पंचनाम्यांवर माह्यं पूर्ण नाव लिहिलं. बापाचं, नवऱ्याचं, गावाचं, सगळ्यांसकट! गुन्ह्याले माह्यं नाव चालते, अन् बाटलीले काऊन चालत नाही बे?"

गाडीवाला पेटी उचलायला पुढे आला, तर बाईने नुसतं पाहिलं, तो मागे सरला.

शेवटी शिवमने फोन काढला आणि छापखान्याला लावला. "हॅलो, लेबल बदलायचंय," तो म्हणाला. "नाव लिहून घ्या."

"दे इकडं," बाईने हात पुढे केला. "माह्यं नाव मीच सांगतो."