साय आणि शिंपला

सासूबाईंच्या खोलीला रंग द्यायचा म्हणून त्यांना तात्पुरतं आमच्या खोलीत आणलं. पलंग त्यांना दिला. मी आणि नवरा स्वयंपाकघरात, ओट्याकडे डोकं आणि फ्रिजकडे पाय करून झोपू लागलो. रंग ठरला की त्या परत जाणार होत्या आणि माझा पलंग मला मिळणार होता.

निवड दोनच रंगांवर येऊन अडली होती, साय आणि शिंपला. रंगाऱ्याने खिडकीशेजारी दोन्हींचे हातभर पट्टे ओढले. नवऱ्याला तिथे एकच पट्टा दिसला.

"आई, दोन्ही सारखेच आहेत."

"तुझे वडीलही असंच म्हणायचे. साखर आणि मीठही सारखंच दिसतं."

मी प्रयोगशाळेत काम करते. रंगांमधला फरक मोजायचं यंत्र एका संध्याकाळी घरी आणलं आणि दोन्ही पट्ट्यांवर टेकवलं. फरक होता, पण माणसाच्या डोळ्याला कळू नये इतकाच. मी सासूबाईंना आकडा दाखवला.

"त्या खोलीत यंत्र झोपणार आहे का?" त्यांनी विचारलं.

मी यंत्र परत नेलं.

मग त्यांनी दारामागे पट्टे मागितले, तिथे उजेड कमी म्हणून. मग कपाटाच्या सावलीत. मग छताला, कारण आडवं पडल्यावर माणूस छतच बघतो. त्या पट्ट्यांसमोर खुर्ची टाकून बसत.

"साय जरा पुढे पुढे करते," असं एकदा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी, "शिंपला आतल्या गाठीचा आहे."

"आजी, शिंपल्यावर तुमचा उगाच राग," रंगारी म्हणाला. तोही आता त्यात ओढला गेला होता.

इकडे नवऱ्याची मान धरली. माझ्या उशीला कांद्याचा वास येऊ लागला.

शेवटी एका दुपारी रंगारी ब्रश धुऊन माझ्यासमोर उभा राहिला. "वहिनी, काम झालं."

"रंग ठरला?"

"रंग नाही ठरला. भिंती संपल्या."

मी जाऊन पाहिलं. पट्ट्याला पट्टा लागून अख्खी खोली रंगली होती. कुठे साय संपते आणि कुठे शिंपला सुरू होतो, मला सांगता आलं नसतं. खोली सुरेख दिसत होती.

"आई, आता तुमचं सामान हलवू?"

सासूबाई आमच्या पलंगावर बसल्या होत्या. त्या चपापल्या. "आणि रंग? तो कुठे ठरलाय? या भिंतीवर एकेक पट्टा ओढून बघू ना. इथला उजेड बरा आहे." मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाल्या, "इथून रस्ता दिसतो. येणारी-जाणारी माणसं दिसतात. तिकडे खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. इतकी वर्षं तीच बघतेय."

आम्ही इतके दिवस चुकीची गोष्ट मोजत होतो.

स्वयंपाकघरातली गादी मी आणि नवऱ्याने उचलली आणि रंगवलेल्या खोलीत नेऊन टाकली. पलंग सासूबाईंकडेच राहिला. नवरा लगेच घोरू लागला. मी आडवी पडून छताकडे बघत राहिले.

साय खरंच जरा पुढे पुढे करत होती.