दुसरा कप

"एक चूक सापडलीय," काचेपलीकडून नुहाद फोनमध्ये म्हणाली.

"छपाईची?"

"तुझी."

राजेह ताठ बसला. सव्वीस वर्षांच्या कैदेत त्याच्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या, आणि तिसरी नुकतीच तुरुंगाबाहेर पोचली होती: पातळ कागदांवर तिळाएवढ्या अक्षरांत लिहिलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ज्योतीवर डागून बंद केलेली, सुटणाऱ्या कैद्यांनी गोळीसारखी गिळून नेलेली. थोरली बहीण नुहाद भिंगाखाली ती उतरवून काढी आणि दर शुक्रवारी आईला वाचून दाखवी. आईला अक्षरओळख नव्हती; गुडघ्यांनी दगा दिल्यापासून, म्हणजे चार वर्षं, तिला भेटीलाही येता आलं नव्हतं. सगळा मजकूर एकदाचा बाहेर पडलाच होता. तेव्हा फोनवर कान लावणाऱ्यांनी खुशाल ऐकावं, अशा बेफिकिरीने भाऊ-बहीण बोलत.

शेवटचं प्रकरण पाठवताना मात्र राजेहचा हात थबकला होता. त्यात कैद्याची आई मरते. ते आपल्या आईच्या कानांवर घालावं की नाही, हा निर्णय त्याने नुहादवर सोपवला होता, आणि महिनाभर तो त्याच एका उत्तराची वाट पाहत होता.

"वाचून दाखवलंस तिला?"

"मरणाचं गाळायला गेले. लगेच पकडलं मला. म्हणते, 'माझा लेक असलं तोकडं लिहीत नाही. गाळलंस काय ते वाच.'"

"मग?"

"ऐकलं सगळं, जपमाळेचे मणी ओढत. आणि म्हणाली, 'मरू दे की तिला, वय झालंय. छान मरते बाई. पण शोकाला आलेला तो पाहुणा कॉफी पिऊन काय म्हणाला? परत वाच बघू.'"

राजेहला ते वाक्य तोंडपाठ होतं. पाहुण्याने रिकामा कप खाली ठेवला आणि तो म्हणाला, 'दायमा.'

"बरं मग? कॉफी प्यायल्यावर माणूस दुसरं काय म्हणतो?"

"अरे शहाण्या, दायमा म्हणजे हे असंच कायम चालू राहो! लग्नघरी म्हण, पोर झालं की म्हण. मयताच्या घरी म्हणतात होय? तिथे म्हणायचं, देव तिच्यावर दया करो. गावातलं शेंबडं पोरसुद्धा हे चुकणार नाही, आणि तू मोठा लेखक!"

एका स्वल्पविरामासाठी राजेह या बहिणीशी दोन भेटी भांडला होता. या खेपेस मात्र तो मनाशी हिशेब करू लागला. बाविसाव्या वर्षी तो पकडला गेला. वडील गेले तेव्हा तो आतच होता. बराकीत दिवसातून तीनदा कॉफी होई आणि तीनदा दायमा म्हटलं जाई. शोकघराची पायरी तो चढणार कधी?

"तिचं बरोबर आहे," तो म्हणाला आणि मोकळेपणाने हसला. "तिला सांग, लेक हरला. पहिल्यांदाच."

नुहाद हसली नाही. तिने काचेवर तळवा टेकला.

"मंगळवारी आपल्या घरी सगळा गाव लोटला होता, राजेह. दोनशे कप तरी कॉफी गेली असेल. एकानेही दायमा म्हटलं नाही."

मघापासून डोळ्यांसमोर असलेली तिची काळी ओढणी त्याला आत्ता दिसली. त्याने तळवा उचलून तिच्या तळव्याला लावला. मध्ये काच होती.

"झोपेत," ती म्हणाली. "छान गेली. तू लिहिलंस तशी."

फोन बंद पडला. वेळ संपली होती.

दुसऱ्या दिवशी, फिरण्याच्या तासाला, बराकीतल्या मंडळींनी अंगणात भिंतीलगत घोंगड्या अंथरल्या. बिनसाखरेची कॉफी आली. एकेक जण राजेहला कवेत घेई, कप रिकामा करी, 'देव तिच्यावर दया करो' म्हणे आणि बसे. राजेह उभा होता, घरच्या माणसाने उभं राहावं तसा.

फखरी सर्वांत जुना. एकतिसावं वर्ष चाललेलं. त्याने कप संपवला, खाली ठेवला आणि सवयीने म्हणाला, "दायमा."

फखरीचा चेहरा राखेसारखा पडला.

"जीभ झडो माझी! राजेह, अरे, मी हे काय—"

राजेहने किटली उचलली. फखरीच्या कपात घोटभर कॉफी ओतली आणि कप त्याच्या हातात दिला.

"काका, आणखी घ्या. घाई नाही."

फखरीने दोन्ही हातांनी कप धरला. तो सावकाश प्याला.

"देव तिच्यावर दया करो."

"आमीन," राजेह म्हणाला.

संध्याकाळच्या मोजणीला अजून अर्धा तास होता. राजेहने कागदाची पट्टी गुडघ्यावर सपाट केली आणि पेन्सिलीला टोक काढलं. 'नुहाद, दायमा खोडू नकोस. तो पाहुणा तीस वर्षांनी सुटून आला आहे, एवढं आधी घाल. त्याच्या शब्दानंतर पुढची ओळ अशी:' मग आणखी बारीक अक्षरांत, प्रत्येक अक्षर वेगळं लागेल अशा बेताने, त्याने लिहिलं:

'घरच्या लेकाने त्याचा कप पुन्हा भरला.'