दीनानाथरावांची हाक

दीनानाथरावांना आता कुणाचंच नाव आठवत नव्हतं. बायकोचं नाही, मुलाचं नाही, स्वतःचंसुद्धा नाही. विसरण्याचा आजार शेवटाला आलेला, अंथरूण सुटत नव्हतं. तोंडात एकच शब्द उरला होता, "आई".

संजीवनीबाईंना तिडीक यायची. सासूने त्यांना कधी सुखाचा घास खाऊ दिला नव्हता. आता परदेशातल्या या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये नवऱ्याचं सगळं त्यांनी काढायचं, आणि हाक मात्र तिला!

"बोलवा, बोलवा," नवऱ्याला कुशीवर वळवताना बाई फणकारायच्या. "आल्या आल्या आधी माझ्या आमटीला नावं ठेवील."

अखेरच्या दुखण्यातल्या माणसांना घरी येऊन बघणारी नर्स, मिस टॅन, त्या दिवशी मॉर्फिनची बाटली घेऊन आली.

"अफूच ना ती?" बाई सुनेला म्हणाल्या. "अनघा, सांग तिला, यांना काही दुखत नाही. हे नुसते आईच्या नावाने गळा काढतात. गुंगी देऊन मला यांना लवकर घालवायचं नाही."

अनघाने इंग्रजीत सांगितलं. नर्सचं उत्तर ऐकून तिला हसू आवरेना. "आई, ती म्हणते, माझ्यासारखे बाबाही तुम्हालाच आई म्हणून बोलावत असतील."

"मला? यांची आई करून टाकली का मला?"

"आणि विचारतेय, कधी म्हणतात?"

"कधी म्हणजे? कुशीवर वळवताना. पाठीची जखम पुसताना. एरवी गप्पच की..."

बाई बोलता बोलता थांबल्या. उठून त्यांनी नवऱ्याचा खांदा हलकेच वळवला. त्यांचं कपाळ आक्रसलं. "आई..." त्यांनी ओठांशी कान नेला. शब्दामागून नुसता श्वास आला, त्यात विरलेला "गं".

"अगं, हाक कसली," त्या खाली बसल्या. "आई गं म्हणतायत. कळवळतायत ते."

नर्सने समजावलं, एवढ्याशा औषधाने माणूस लवकर जात नाही, जायचं तेव्हा तळमळत जात नाही.

"मग दे म्हणावं. आणि वळवायच्या किती आधी द्यायचं, तेही विचार."

औषध लागू पडल्यावर बाईंनी त्यांना पुन्हा वळवलं. कपाळावर आठी नाही, तोंडातून शब्द नाही. कोमट पाण्याने त्या सावकाश पाठ पुसत राहिल्या.

"उगाच बोलले हो सासूबाईंना," त्या पुटपुटल्या. मग फडकं पिळून, "पण आमटीला नावं ठेवायच्याच."