अंगठ्याची खोबण

रिकामं पिस्तूल अंगणापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर रोखून ओलेटाने अंगठ्याने त्याचा मागचा घोडा ओढला. तो अर्ध्यावर आला आणि निसटून परत जागेवर बसला. तिने दुसरा हात मदतीला घेतला, तेव्हा कुठे तो चढला.

"बघितलं मी," रॉयस वर्कशॉपच्या दारातून म्हणाला.

"बघ की. बघायला काय पैसे पडतात?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने अंगठा गोठलेल्या मटारांच्या पिशवीत खुपसला. त्या मटारांची भाजी कधीच झाली नाही. गेलं वर्षभर ते फक्त अंगठ्यासाठी होते. जुन्या घाटणीच्या त्या पिस्तुलात दर गोळीला घोडा अंगठ्याने चढवावा लागतो, आणि ओलेटाच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याने असहकार पुकारला होता.

रॉयस तिच्या मागोमाग आत आला. त्याने दोन कपांत कॉफी ओतली आणि विषय कसा काढावा या विचारात उगाच ढवळत बसला. साखर त्यात नव्हतीच.

"मर्लला सांगितलंय मी," तीच म्हणाली. मर्ल सामने भरवायचा. "हा शनिवार शेवटचा. पुढच्या महिन्यापासून नेमबाजांत माझं नाव नको. बसून गुण लिहीन."

"तू? बसून?"

"का, खुर्चीचं काय वाईट आहे?"

महिन्यातून एका शनिवारी खोऱ्यातली निम्मी माणसं आजोबा-पणजोबांच्या काळातले कपडे घालून लोखंडी ताटल्यांवर नेम धरायची. त्यात लांब झग्यातली ओलेटा उभी राहिली की भलेभले गप्प व्हायचे. ताटली वाजली की ती मागे वळून नवऱ्याकडे बघायची. त्या एका नजरेसाठी रॉयस आठवडाभर टोपी झटकून ठेवायचा. छत्रीखाली गुण लिहिणारी ओलेटा त्याच्या डोळ्यांसमोर येईना.

आणि यावरचा इलाज खुद्द त्याच्या हातात होता, हेच तर दुखणं. पिस्तुलाच्या मुठी घडवणं हा त्याचा धंदा. मेस्कीटचं लाकूड, अक्रोड, एल्कचं शिंग, काय म्हणाल त्याची मूठ तो करून द्यायचा, आणि थेट मोंटानातून माणसं त्याच्याकडे पिस्तुलं धाडायची. मूठ डावीकडून किंचित बारीक, आणि वर अंगठ्याच्या मुळाला टेकायला एक उथळ खोबण, ही त्याची ओळख. ती कशी सुचली, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. तांब्याची खाण सोडून आल्यावर त्याने पहिली मूठ केली ती ओलेटासाठी. हात नवखा, डावी बाजू जास्त घासली गेली, वर खळगा पडला. काही महिन्यांनी बघतो तर त्याच वाकड्या मुठीने बायको सगळ्यांना हरवतेय. मग पुढच्या मुठींना त्याने तीच चूक मुद्दाम केली. "माझं अख्खं दुकान एका चुकीवर उभं आहे," असं म्हणून तो थांबायचा आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. गोष्ट इथवर आली की ओलेटाला शेगडीवरची घेवड्याची उसळ आठवायची आणि ती आत जायची.

पण तिच्या स्वतःच्या मुठीला मात्र ती कुणाला हात लावू द्यायची नाही. साफसफाईसुद्धा स्वतःच करायची.

"नवी करतो," रॉयस म्हणाला. "वरून आणखी उतरती. अंगठा अलगद घोड्यापर्यंत जाईल. जुनीला आता आणखी घासलं तर कागद होईल तिचा."

"नको."

"पहिली आहे म्हणून जीव अडकलाय तुझा. कळतं मला. जुनी काचेच्या पेटीत ठेवू."

"मला पेटीबिटी नको. तू कॉफी पी."

"मग शनिवारी दोन्ही हातांनी घोडा ओढणार? दर वेळी तुझ्या खालोखाल येणाऱ्या त्या ट्यूसनच्या बाईसमोर?"

हा बाण बरोबर बसला. ओलेटाने मटारांतून अंगठा काढला, त्याच्याकडे नालायक नोकराकडे बघावं तसं बघितलं आणि पिस्तूल टेबलावरून नवऱ्याकडे सरकवलं.

"काढ. पण बघून झाल्यावर बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू?"

वर्कशॉपमध्ये त्याने मागच्या पट्टीचे स्क्रू सोडवले. मूठ अखंड होती, ती खाली ओढल्याबरोबर हातात आली. इतक्या वर्षांनी स्वतःचं पहिलं काम उघडं पडणार म्हणून त्याला लाजही वाटत होती आणि मजाही. त्याने चष्मा लावला.

पट्टीखाली झाकलेल्या कडा अगदी सारख्या होत्या. डावी, उजवी, दोन्ही एका मापाच्या. खाली मधोमध शिसपेन्सिलीची रेघ होती, ती त्याचीच. नवख्या हाताने जीव मुठीत धरून केलेलं काम होतं ते, जड आणि ठोकळेबाज, पण सरळ. वाकडं झालं होतं ते बाहेरून. डावीकडचं लाकूड नंतर कुणीतरी उतरवलं होतं. त्याने मूठ उजेडात तिरकी धरली. हाताच्या तेलाने काळ्या झालेल्या लाकडात, खळग्याच्या तळाशी, रुंद दातांच्या समांतर रेघा होत्या. असल्या दातांची कानस त्याच्या दुकानात कधीच नव्हती. ती गोठ्यात होती, खेचरांच्या नालांशेजारी.

ओलेटा दारात उभी होती.

"माझ्या अक्रोडाला तू खुरांची कानस लावलीस?"

"न बोलण्याचं ठरलं होतं."

"खेचरांची!"

"धुऊन घेतली होती," ती म्हणाली. मग आत येऊन उलट्या बादलीवर बसली. "हात सोलून निघायचा रे त्या मुठीने. कुऱ्हाडीचा दांडा बरा. पण तुला खाण सोडून महिना झाला नव्हता. मूठ माझ्या हातात दिलीस तेव्हाचं तुझं तोंड तू बघितलं नाहीस, मी बघितलं. वाईट आहे म्हटलं असतं, तर सोमवारी परत खाली उतरला असतास."

"उतरलो असतो," रॉयस म्हणाला.

"मग तू बाजारात गेलास की थोडं थोडं घासायचे. हातात घेऊन बघायचं, परत घासायचं. तुला दिसेल म्हणून भीती वाटायची. दिसलं, तर तू म्हणालास, 'अगं, माझ्याकडून केवढी चूक झाली!' आता यावर माणसाने काय बोलायचं?"

रॉयस भिंतीवरच्या साच्यांकडे बघत राहिला. सगळ्यांना डावीकडे तीच खोबण. त्याला राग यायला हवा होता. तो थोडा वेळ वाट बघत थांबला, पण राग काही आला नाही. आलं ते हसू, आणि तो वळून लाकडाच्या फळीवर ठोकळा शोधू लागला.

मेस्कीटचा एक जुना, वाळलेला ठोकळा त्याने निवडला. दुपारपर्यंत आतली बाजू कोरून पट्टीत बसवली, बाहेरचा आकार ढोबळ काढला. मग नेहमीची कानस उचलली आणि परत ठेवली.

"आण तुझी ती."

"कुठली?"

"वेड पांघरू नकोस. गोठ्यातली."

ती घेऊन आली. त्याने मूठ पकडीत आवळून दिली आणि तो बाजूला झाला. कानस पहिल्यांदा फिरली तसे त्याच्या अंगावर शहारे आले. ती उलट्या दिशेने घासत होती, खालून वर, लाकडाच्या रेषांच्या विरुद्ध. तीनदा "अगं" त्याच्या ओठांवर आलं आणि तीनदा त्याने ते गिळलं. ती थांबे, मूठ काढून हातात घेई, डोळे मिटून अंगठा हलवून बघे, परत लावी.

"बास का?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? हात तुझा आहे."

त्याने पट्टी चढवली, स्क्रू आवळले आणि चक्रातली गोळ्यांची घरं रिकामी असल्याची खात्री करून पिस्तूल तिला दिलं. ओलेटाने ते दारातून टाकीवर रोखलं. अंगठा घोड्यावर गेला. घोडा सावकाश, शेवटपर्यंत, एकाच हाताने मागे आला आणि चढून राहिला.

"दुखलं?"

"दुखलं. पण आला." तिने वळून त्याच्याकडे बघितलं. "मर्लला फोन कर. माझं नाव असू दे म्हणावं."

रॉयसने फोन लावला. ओलेटा मागे झग्यावरचा भुसा झटकत होती.

"नवी मूठ केलीस होय रे तिला?" मर्लने विचारलं.

"मी नाही. तिनेच केली. पहिलीसुद्धा तिचीच."

"आणि मग तू इतकी वर्षं काय करत होतास?"

"नक्कल," रॉयस म्हणाला.

मर्ल खो खो हसत सुटला. असला विनोद त्याने खूप दिवसांत ऐकला नव्हता, तो शनिवारी सगळ्यांना सांगणार होता. रॉयस म्हणाला, सांग, जरूर सांग.