पाठीवर चिठ्ठी असलेली खुर्ची

जरा घाबरतच बोलते आहे, सांभाळून घ्या. मी खुर्ची, बाईंच्या इंग्रजीच्या शिकवणीतली, खिडकीजवळची.

सुताराने मला घडवलं, बाईंच्या यजमानांनी हौसेने घरी आणलं. ते गेल्यावर बाईंनी पुढच्या खोलीत शिकवणी सुरू केली. मग काय विचारता! कोणी माझ्यावर झोके घेतले, कोणी कर्कटकाने नावं कोरली. वेताची वीण सैल झाली, पाय डुगडुगू लागले, तरी मी हूं की चूं केलं नाही.

बाईंची शिकवायची तऱ्हाच न्यारी. फळ्यावरचं मुलांच्या डोक्यावरून जातं, म्हणून त्या वस्तूंनाच चिठ्ठ्या चिकटवत. बंद पडलेल्या पंख्यावर 'ब्रोकन-डाउन', माझ्या पाठीवर 'वॉर्न-आउट'.

"क्रियापदाला शेपूट जोडायचं, की झालं विशेषण," त्या सांगत. "वॉर्न-आउट चेअर. वापरून वापरून झिजलेली खुर्ची."

मला राग नव्हता. उलट आख्खा धडा माझ्यावर, म्हणून मी भाव खायची.

मग बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या इस्पितळात असताना मुलगा आणि सून खोली आवरायला आले. मुलाने चिठ्ठ्या वाचल्या.

"बघ, टाकायच्या वस्तू आईने आधीच वेगळ्या करून ठेवल्यात," तो बायकोला म्हणाला.

माझी पाचावर धारण बसली. ओरडावं तर तोंड नाही, पळावं तर चार पाय असून उपयोग नाही. पंखा भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला. मला दुसऱ्या फेरीसाठी फाटकाशी ठेवलं.

तेवढ्यात इस्पितळातून बाईंना घेऊन गाडी आली. त्या वॉकर टेकत उतरल्या, दोन पावलांत दमल्या आणि बसल्या त्या माझ्यावरच. मी मोडले तर त्यांचा गुडघाही जाणार, या भीतीने मी गारठले.

"ही बाहेर कशी?"

"तूच चिठ्ठी लावलीस ना आई, झिजलेली म्हणून."

"झिजलेली म्हटलं होतं रे. टाकाऊ कुठे म्हटलं?" बाईंनी माझी चिठ्ठी सोडवली आणि आपल्या गुडघ्याच्या पट्ट्यावर चिकटवली. "बोलाव आता भंगारवाल्याला. दोघींना एकदमच ने म्हणावं."

मग मुलाने आणि सुनेने मला दोन्हीकडून धरलं, बाईंसकट उचललं.

आता पायऱ्या चढतोय. माझा सांधा न् सांधा करकरतो आहे. दारापर्यंत तग धरू दे, एवढंच मागणं. मग मला काय म्हणायचं ते म्हणा.