पोळा फुटायच्या आधी

तोरणाखाली बैलांची ओळ लागली होती आणि झडत्यांना रंग चढला होता. झडती म्हणजे पोळ्याचं टोमण्याचं गाणं. ज्याच्यावर म्हटली त्यानं हसायचं आणि उलट दुसरी ठोकायची, अशी रीत. गुलाबसिंगचा पोरगा लखन लोहारा गावच्या कारखान्यातून सुटी घेऊन सकाळच्याच एसटीनं आला होता. त्याला गोपाल दिसला. हातात एकच बैल, पण खांद्यावर आणखी एक झूल. लखननं हात वर केला.

"बैल एक अन् झुला दोन,
जुवाखाली दुसरा कोन?
जुपा धनी, बांधा घाटी,
कडबा टाका त्याच्यासाठी!"

पोरं हसली, गोपाल हसला नाही. त्यानं बाजूच्या बैलबंडीची उभारी, म्हणजे कडेचा दांडा, उपटली आणि लखनवर धावला.

"अबे, मजाक होती, गोपाल!" कोणी ओरडलं.

"सणाचा दिवस हाय, सोड ना!"

उभारी आणखी वर गेली.

गुलाबसिंगला पुढचं सारं दिसलं. एक घाव बसला की आपलं पोरगं दवाखान्यात, गोपाल ठाण्यात, अन् दोन्ही घरच्या पुरणपोळ्या कुत्र्याले. पोळा फुटायच्या आधी डोकं फुटणार! पण त्याचा जन्म बैलांत गेला होता. शिंगं रोखलेल्या बैलाच्या समोर तो कधी उभा राहिला नाही की त्याचा कासरा ओढला नाही. बाजूनं जायचं आणि मान खाजवायची, एवढंच त्याला ठाऊक. तो गोपालच्या बाजूनं गेला आणि त्याच्या पायाशी सरळ मातीत बसला.

"काका, सरक!"

"सरकू कसा? गुडघे धरले माहे. गोपाल, ही चांद्याची झूल होय ना?"

उभारी तिथंच थांबली. पंधरा दिवसांमागं सोयाबीनमध्ये साप चावून गोपालचा दुसरा बैल चांद्या गेला होता. साऱ्या गावाला माहीत होतं, लखनला नव्हतं.

"त्याचीच," गोपाल म्हणाला.

"लय लागलं तुले."

"लागन नाही त काय! जुपा म्हंते मले! घाटी बांधा म्हंते!" गोपालचा आवाज फाटला. "आज सकाळी बी चांद्याच्या जागेवर पाणी ठेवलं मी. मंग ध्यानात आलं."

"हं."

"झूल कायले आणली, मलेच समजत नाही."

"त्याले बी तोरणाखालून न्यावं वाटलं असन."

गोपालनं मान हलवली. उभारी हळूहळू खाली आली.

"मंग आता काय पाह्यजे तुले?" गुलाबसिंगनं विचारलं.

"माफी नको मले. त्यानं चांद्याचं नाव घ्यावं. मोठ्यानं."

लखन पुढं आला. तोंड पांढरं पडलं होतं. "आईशप्पथ, गोपालदादा, मले मालूम नव्हतं. दोन झुला दिसल्या अन् यमक जुळलं."

"यमक जुळलं अन् टाळकं गेलतं!" गुलाबसिंग खालूनच म्हणाला. पहिल्यांदा हसला तो गोपाल.

त्यानं खिशातून चांद्याच्या गळ्यातली घाटी काढून लखनच्या हातावर ठेवली. लखननं ती खणखण वाजवली. ओठांतल्या ओठांत शब्द जुळवले, एकदा चुकला, मग गळा ताणून म्हणाला,

"बैल एक अन् झुला दोन,
चांद्यासारखा दुसरा कोन?
बारा वरसं ओढली माती,
त्याची घाटी आमच्या हाती!"

अख्खी ओळ ओरडली, "हर हर महादेव!" तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल उधळले. गोपालनं खांद्यावरची झूलही आपल्या बैलावर टाकली. पवळ्या पाठीवर दोन झुली घेऊन पुढं निघाला आणि जाता जाता त्यानं लखनच्या खांद्यावरचा नवा दुपट्टा ओढून तोंडात घातला.

"खाऊ दे रे," लखन म्हणाला.

"अरे, मले कोणी उठवा ना!" धुळीतून गुलाबसिंगची हाक आली. "गुडघे खरंच धरले माहे!"

गोपाल मागं फिरला. त्यानं हातातली उभारी आडवी धरून पुढं केली. गुलाबसिंग तिलाच धरून उठला, कण्हत आणि हसत.

"आता ही बंडीले लाव," तो म्हणाला, "अन् जेवाले घरी ये. एकटा नको येऊ, पवळ्याले बी आण. दुपट्टा पचला का, ते पाहू."